स्लो कुकरमधले कार्नितास: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मेक्सिकोच्या पश्चिमेला मिचोआकान नावाचं राज्य आहे. तिथल्या पात्स्क्वारो तळ्याच्या काठी किरोगा गाव लागतं. डुकराचं मांस कसं शिजवावं हे त्या गावाला कुणी सांगायची गरज नाही. तांब्याच्या मोठमोठ्या कढया, त्यांत वितळलेली डुकराचीच चरबी, आणि त्या चरबीत बुडालेले मांसाचे थोराड तुकडे. दोन-तीन तास मंद आचेवर मांस मऊ करायचं, मग आच वाढवून त्याच चरबीत बाहेरून खरपूस करायचं. कार्नितास म्हणजे मुळात एवढंच. बहुतेक ठिकाणी ते किलोवर विकतात आणि गिऱ्हाईक कोणता भाग हवा तेही सांगतं: मासिसा म्हणजे निव्वळ मांस, कोस्तिया म्हणजे बरगडी, कुएरितो म्हणजे मऊ शिजलेली कातडी, आणि ठरवता येत नसेल तर सुर्तिदा, म्हणजे सगळं थोडं थोडं.

घरी चार-पाच किलो चरबी कुणी तापवत बसणार नाही. म्हणून स्लो कुकर, म्हणजे विजेवर मंद आचेनं तासन्‌तास शिजवणारं भांडं. सकाळी मांस ठेवून कामाला जावं, संध्याकाळी येऊन टॅको, म्हणजे मक्याच्या छोट्या पोळीत दुमडलेलं मांस, खावेत, हे त्याचं आकर्षण खरंच आहे. पण एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या: या पदार्थातलं निम्मंच काम स्लो कुकर करतो. मऊ करणं त्याला उत्तम जमतं. खरपूस करणं जन्मात जमणार नाही, कारण आत सगळी वाफ. कुकरातून काढलेलं मांस रेषा सोडवून थेट ताटात वाढलं तर ते चवीला बरं असतं, पण ते उकडलेलं मांस, कार्नितास नव्हेत. उरलेलं निम्मं काम शेवटच्या पंधरा मिनिटांत तव्यावर किंवा ओव्हनमध्ये करायचं असतं. घाईत नेमकं तेच गाळलं जातं, आणि मग ‘मेक्सिकन हॉटेलसारखं लागत नाही’ अशी तक्रार येते.

मांस: खांदाच हवा

डुकराचा खांद्याचा भाग घ्या, दुसरा कुठलाही नको. खांद्याचे स्नायू जनावराचं वजन आयुष्यभर पेलतात, त्यामुळे त्यांत जोडणाऱ्या ऊती, म्हणजे कोलॅजन, भरपूर असतं आणि चरबी मांसाच्या आत धाग्याधाग्यांनी पसरलेली असते. मांस तापत ६० ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत पोचलं की त्याचे तंतू आकसतात आणि पाणी बाहेर टाकतात. या टप्प्याला मांस शिजलेलं असतं, पण चिवट असतं. ७० अंशांच्या पुढे कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं. याला मात्र तासन्‌तास लागतात. जिलेटिन आणि वितळलेली चरबी तंतूंच्या मध्ये शिरली की तेच मांस काट्यानं सुटं होतं आणि कोरडं लागत नाही. पाठीचा भाग, ज्याला दुकानात लॉइन किंवा टेंडरलॉइन म्हणतात, तो महाग असतो आणि दिसायला देखणाही. पण त्यात कोलॅजन जवळजवळ नाहीच. आठ तास शिजवल्यावर त्याचा भुसा होतो.

अमेरिकेत राहत असाल तर पाकिटावर ‘बॉस्टन बट’ किंवा ‘पोर्क बट’ लिहिलेलं शोधा. नावावरून काहीही वाटलं तरी तो खांद्याचाच वरचा भाग असतो. ‘पिकनिक शोल्डर’ म्हणजे त्याच्या खालचा, पुढच्या पायाकडचा भाग. त्याला बहुधा कातडी असते, शिरा जास्त असतात, किंमत कमी असते. तोही चालतो. इंग्लंडमध्ये खांदा अनेकदा कातडीसकट, दोऱ्यानं गुंडाळून बांधलेला मिळतो. दोरा कापून टाका, कातडी सुरीनं सोडवून वेगळी काढा. ती ओव्हनमध्ये मीठ लावून कुरकुरीत भाजली तर जेवणाआधीच संपते.

गोव्यात किंवा मुंबईत घेत असाल तर दुकानदाराशी आधी बोला. सोरपोतेल आणि विंदालूच्या सवयीमुळे त्याचा हात आपोआप छोटे तुकडे करायला जातो. ‘खांद्याचा, चरबीसकट, एकच मोठा तुकडा द्या, कापू नका’ असं सुरी चालायच्या आत सांगा. हाड असलं तरी हरकत नाही, फक्त वजन थोडं जास्त घ्या.

सहा ते आठ जणांसाठी बिनहाडाचं दीड किलो मांस पुरतं. शिजून आणि खरपूस होऊन त्याचं वजन जवळपास किलोच्या आत येतं, तेव्हा कच्च्या वजनावरून माणसांचा हिशेब करू नका.

डुकराच्या मांसातल्या जंतांची धास्ती आपल्याकडे पुष्कळ आहे, आणि कच्च्या-अर्धकच्च्या मांसाबाबत ती रास्तही आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस सबंध तुकड्यांसाठी आतलं तापमान ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा अशी आहे. आपण ९० अंशांच्या पुढे जाणार आहोत, त्यामुळे शिजलेल्या मांसाची चिंता उरत नाही. चिंता करायची ती कच्चं मांस कापलेल्या फळीची आणि सुरीची. त्याच फळीवर नंतर कोथिंबीर चिरली की सगळं मुसळ केरात. मांस नळाखाली धुवायचीही गरज नाही. धुतल्यानं जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर सगळ्या सिंकभर होतात. ज्यांना धुतल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांनी निदान पातेल्यात धुवावं आणि मग सिंक साबणानं घासावं. नाहीतर कागदी रुमालानं टिपून कोरडं केलेलं पुरे.

कुकर

जाड चिनी मातीचं भांडं, भोवती मंद तापणारी विजेची तार, वर जड झाकण, बास. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली अशा भांड्याचं पेटंट मिळालं आणि १९७१ मध्ये ते क्रॉक-पॉट या नावानं बाजारात आलं. तेव्हापासून रचनेत फार फरक पडलेला नाही. ‘लो’ आणि ‘हाय’ ही दोन बटणं नवशिक्याला फसवतात. बहुतेक कुकरांत दोन्हींचं शेवटचं तापमान जवळजवळ सारखंच असतं, उकळीच्या किंचित खाली. फरक आहे तो तिथवर किती लवकर पोचायचं यात. या पदार्थाला ‘लो’वर आठ तास किंवा ‘हाय’वर पाच तास धरा. मला विचाराल तर ‘लो’च.

साडेतीन ते सहा लिटरच्या कुकरात दीड किलो मांस नीट बसतं. भांडं निम्मं ते पाऊण भरलेलं असावं. फार रिकामं असेल तर कडेचं मांस करपतं, काठोकाठ भरलं तर मधलं तापायलाच उशीर होतो.

अमेरिकेतून सामानात कुकर आणलेला असेल तर तो भारतातल्या सॉकेटात थेट खुपसू नका. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. तार जळेल. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याच्या किमतीत कदाचित इथलाच कुकर येईल. बटणांच्या मल्टिकुकरमध्ये ‘स्लो कुक’ असा पर्याय असतो, पण ती भांडी फक्त तळातून तापतात आणि त्यांचा ‘लो’ अनेकदा फारच थंड पडतो. तिथे सर्वांत वरचा टप्पा निवडा.

सामान

दीड किलो मांसासाठी हे लागेल:

बारीक मीठ, ३ छोटे सपाट चमचे
एका मोठ्या संत्र्याचा रस, साधारण अर्धा कप
दोन लिंबांचा रस
एक मोठा कांदा, चार फोडी करून
लसणाच्या ७-८ पाकळ्या, नुसत्या ठेचून
ओरेगानो, २ छोटे चमचे
जिरं, १ छोटा चमचा, कोरडं भाजून भरड कुटलेलं
मिरी, अर्धा छोटा चमचा, ताजी कुटलेली
तमालपत्र १, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा
डुकराची चरबी, म्हणजे लार्ड, २ मोठे चमचे. मांस आधीच चरबीदार असेल तर नको

या यादीवर किरोगातला माणूस नाक मुरडेल. तिथल्या कढईत मुख्यतः मांस, मांतेका म्हणजे चरबी, आणि मीठ. कुणी संत्रं टाकतं, कुणी रंगासाठी दूध, कुणी चक्क कोला. जिरं तिथं सहसा नसतं. ते सरहद्दीच्या उत्तरेकडचं, टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या स्वयंपाकघरातलं वळण. तरी मी ते ठेवलं आहे, कारण स्लो कुकरमध्ये चरबीत तळल्याची चव सुरुवातीला मिळत नाही आणि थोडा आधार लागतो. नको असेल तर वगळा, काही बिघडणार नाही.

ओरेगानो मेक्सिकन मिळाला तर तो घ्या. भूमध्य सागराकडचा, पिझ्झाबरोबर पुडीत येतो तो, पुदिन्याच्या कुळातला. मेक्सिकन ओरेगानो वेगळ्याच कुळातला, वासाला लिंबाकडे झुकणारा. पिझ्झावाला वापरायचा झाला तर एकच चमचा घाला. आपलं तमालपत्र युरोपातल्या ‘बे लीफ’पेक्षा निराळं, दालचिनीच्या जातीचं असतं. इथे ते उलट सोयीचंच आहे. फक्त एकाच पानावर थांबा.

आता एक विनंती. आलं-लसणाचं वाटण, हळद, गरम मसाला यातलं काहीही घालू नका. मराठी हाताला हे फार अळणी वाटतं, मला ठाऊक आहे. लाल तिखटाचा डबा आपोआप उघडला जातो. पण या पदार्थात तिखट आणि आंबट ताटात येतं, वरून घातलेल्या साल्सातून, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या चटणीतून, आणि लिंबातून. मांसाची चव मांसाचीच राहू द्यायची असते. मसाला घातलात तर पोर्कचा चांगला रस्सा होईल. तो करायचाच असेल तर त्यासाठी आठ तास कशाला घालवायचे?

आणि पाणी. पाणी घालायचं नाही. एक थेंब नाही.

यावर कुणाचा विश्वास बसत नाही. गॅसवर शिजवताना वाफ निघून जाते म्हणून आपण पाणी घालतो. इथे झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन पुन्हा भांड्यातच पडते, आणि आकसणारं मांस स्वतःचं पाणी सोडतं. शेवटी झाकण उघडाल तेव्हा दोन कप तरी रस साचलेला असेल. वरून पाणी घातलं की सगळी चव त्या पाण्यात उतरते, आणि शेवटी मांस खरपूस करायच्या वेळी ते तव्यावर सुटत बसतं.

आदल्या रात्री

मांसाचे मुठीएवढे तुकडे करा, सहा-सात सेंटिमीटरचे. सबंध तुकडा ठेवला तरी शिजतो, पण मीठ आत जात नाही. यापेक्षा छोटे केले तर तंतू आखूड होतात आणि शेवटी चुरा हातात येतो. बाहेरचा चरबीचा थर बोटभर जाडीपेक्षा जास्त असेल तेवढाच छाटा. मांसाच्या आतली चरबी काढायला बसू नका. तीच या पदार्थाचं तेल आहे.

मीठ, जिरं, मिरी आणि ओरेगानो सगळ्या तुकड्यांना चोळून स्टीलच्या डब्यात झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. कुकरचं मातीचं भांडं फ्रिजमध्ये ठेवू नका. गार भांडं एकदम तापलं तर तडकतं, आणि नाही तडकलं तरी मांस तापायला उशीर होतो. लिंबू-संत्र्याचा रसही आत्ताच घालू नका, रात्रभरात आम्लामुळे मांसाचा पृष्ठभाग पिठूळ होतो. रात्री वेळ मिळाला नाही तर सकाळी मीठ चोळून लगेच लावलं तरी चालेल. चव थोडी वरवरची राहील, इतकंच.

मांस गोठलेलं असेल तर ते आधी फ्रिजमध्ये पूर्ण वितळू द्या, दीड-दोन किलोच्या तुकड्याला पुरा एक दिवस लागतो. गोठलेला गोळा थेट स्लो कुकरात टाकू नये. ४ ते ६० अंश हा जंतू वाढायचा पट्टा आहे, आणि मंद आचेवर गोठलेलं मांस त्यात फार वेळ रेंगाळतं.

सकाळी

तळाला कांद्याच्या फोडी आणि लसूण पसरा. त्यावर मांस, चरबीची बाजू वर. दालचिनी आणि तमालपत्र मध्ये कुठेतरी खोचा. संत्र्या-लिंबाचा रस ओता, लार्ड वरून ठेवा, झाकण लावा, ‘लो’वर आठ तास.

काही जण पिळलेली संत्र्याची सालंही आत टाकतात. दोन तासांच्या कढईत ते चालून जातं. आठ तासांत सालीखालचा पांढरा भाग कडवटपणा सोडतो. सालीचा वास हवाच असेल तर वरचा केशरी पापुद्रा तेवढा सुरीनं सोलून घाला. नागपुरी संत्रं गोड असतं आणि त्यात आंबटपणा कमी, म्हणून लिंबं दोन धरली आहेत. संत्रं आंबट असेल तर एकच लिंबू घाला.

मांस आधी तव्यावर परतून लाल करावं का? अनेक कृतींत तसं सांगतात. इथे गरज नाही. आपण शेवटी ते खरपूस करणारच आहोत, आणि आधी आणलेला कुरकुरीतपणा आठ तासांच्या वाफेत विरघळून जातो. सकाळची ती वीस मिनिटं झोपेसाठी ठेवा.

झाकण उघडून पाहायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. वास सुटेल, हात शिवशिवतील, जाऊ द्या.

वीज गेली तर? तुम्ही घरी असाल तर सरळ मांस पातेल्यात काढून गॅसवर झाकून मंद आचेवर पुढे शिजवा. घरी नसाल, आणि परत आल्यावर विजेवरचं घड्याळ मिचमिचताना दिसलं, वीज किती वेळ गेली होती ते कळायला मार्ग नाही, तर मांस शिजल्यासारखं दिसलं तरी टाकून द्या. जिवावर येतं, पण द्या. जिथे भारनियमन नित्याचं आहे तिथे हा पदार्थ सुट्टीच्या दिवशी घरी असतानाच करावा, किंवा मग प्रेशर कुकर काढावा: मुठीएवढेच तुकडे, हाच मसाला, अर्धा कप पाणी (इथे मात्र लागतं), आणि शिटी झाल्यावर मंद आचेवर पाऊण तास. पुढची कृती तीच.

झालं का?

मोठ्या तुकड्यात काटा खुपसून फिरवा. मांस आपोआप उलगडलं तर झालं. थर्मामीटर असेल तर आत ९० ते ९५ अंश दिसायला हवेत. काटा अडला, मांस चिवट लागलं, तर नवशिक्या घाबरून म्हणतो ‘जास्त शिजलं वाटतं’ आणि बंद करतो. होतं नेमकं उलटं. खांदा चिवट लागला तर तो कमी शिजलेला असतो. झाकण लावा आणि आणखी तासभर थांबा.

मांस झाऱ्यानं अलगद परातीत काढून दहा मिनिटं निवू द्या. मग दोन काट्यांनी किंवा हातांनी सोडवा. बारीक रेषा करू नका. बोटाएवढे, जाडेभरडे लचके राहू द्या. फार बारीक केलेलं मांस तव्यावर पाच मिनिटांत वाळून दोरे होतं. राहिलेली कडक चरबी आणि शिरा या वेळी सहज हाताला लागतात, त्या काढा. दालचिनी आणि तमालपत्र शोधून टाका, नाहीतर ते नेमकं पाहुण्याच्या दाताखाली येतं.

आता भांड्यातला रस. तो गाळून उभट पातेल्यात घ्या आणि थोडा वेळ स्थिर ठेवा. वर चरबीचा तवंग जमेल. तो पळीनं काढून वाटीत ठेवा. पुढच्या कामाला हाच लागणार. खालचा रस मोठ्या आचेवर आटवून निम्म्याहून कमी करा. चाखून पाहा: खारट, आंबट, थोडा गोडसर, आणि बोटांना चिकटणारा. हे चिकटणं म्हणजे जिलेटिन. या टप्प्यावर मीठ घालायचा मोह टाळा, रस आटतानाच खारट होत जातो.

खरपूस करणं

आपण इतका वेळ ज्यासाठी थांबलो ते हे.

ओव्हनमध्ये वरून आच देणारा ब्रॉइलर किंवा ग्रिल असेल तर तो पूर्ण तापवा. मांस मोठ्या ट्रेमध्ये एका थरात पसरा. एकावर एक रचलं तर खालचं वाफेतच राहील. वर चरबीचे तीन-चार मोठे चमचे शिंपडा, आणि आटवलेल्या रसाचा फक्त थोडा भाग. ट्रे आचेपासून हातभर नाही, वीतभर अंतरावर. पाच ते आठ मिनिटं. या वेळात फोन बघू नका. संत्र्याच्या रसातली साखर लाल व्हायला वेळ लागतो, पण लाल ते काळं हा प्रवास ती एका मिनिटात करते. कडा गडद तपकिरी झाल्या, काही टोकं जवळजवळ करपली की काढा. एकदा उलटून पुन्हा तीन मिनिटं दिली तर आणखी छान, पण मला एक बाजू कुरकुरीत आणि दुसरी रसरशीत जास्त आवडते.

ओव्हन नसेल तर बिडाचा तवा. माझ्या मते तो ओव्हनपेक्षा सरस, कारण चरबीत प्रत्यक्ष तळलं जातं आणि किरोगाच्या कढईच्या जरा जवळ जाता येतं. तवा चांगला तापला की दोन चमचे चरबी, मग मांसाचा एकच थर, उलथन्यानं हलकं दाबायचं आणि हात मागे घ्यायचा. तीन मिनिटं हलवायचं नाही. परतत राहण्याची आपली सवय इथे नडते. सारखं ढवळलं तर पाणी सुटत राहतं आणि रंग येत नाही. चरचर आवाज बारीक झाला, म्हणजे पाणी संपून तळणं सुरू झालं. खालून लाल झालं की आटवलेल्या रसाचा एक चमचा टाका, एकदाच उलटा आणि उतरवा. अशा चार-पाच खेपांत सगळं करा. नॉनस्टिक भांड्यावरही होतं, फक्त रंग उशिरा येतो. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर सहा-सात मिनिटं. त्यातल्या वाऱ्यानं बारीक रेषा उडून करपतात, म्हणून लचके मोठेच ठेवा.

सगळं मांस एकाच वेळी खरपूस करू नका. आज जेवढं खायचं तेवढंच. खरपूस झालेलं फ्रिजमध्ये गेलं की दुसऱ्या दिवशी वातड होतं.

ताटात

मक्याच्या छोट्या टॉर्टिया कोरड्या तव्यावर दोन्हीकडून गरम करून फडक्यात गुंडाळा. त्यावर मांस, बारीक चिरलेला पांढरा कांदा, कोथिंबीर, लिंबू, साल्सा. चीज, लेट्यूस, आंबट साय यांतलं काही नको.

टॉर्टियासाठी आपलं साधं मक्याचं पीठ चालत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून मग दळतात. चुन्यामुळे दाण्याचं आवरण सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो, म्हणून टॉर्टिया न मोडता घडी होते. असं तयार पीठ ‘मासा हारिना’ नावानं मिळतं. दोन कप पिठाला दीड कप कोमट पाणी, अर्धा तास झाकून, मग प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये दाबून तव्यावर. ते मिळालं नाही तर मक्याची भाकरी दुमडण्याचा हट्ट करू नका, ती तुटणार. त्यापेक्षा गव्हाच्या पातळ पोळ्या करा. उत्तर मेक्सिकोत गव्हाच्याच टॉर्टिया चालतात, त्यामुळे हा काही कमीपणा नाही.

साल्सा दहा मिनिटांत होतो. चार टोमॅटो, पाव कांदा, सालासकट लसणाच्या दोन पाकळ्या आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या बिडाच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजा. लसूण सोला, सगळं मिठाबरोबर खलबत्त्यात किंवा पाट्यावर भरड वाटा, वरून लिंबू पिळा. मेक्सिकोत हेच काम मोल्काहेते नावाच्या दगडी खलात होतं. मिक्सर चालतो, पण एक-दोन झटकेच द्या. मूळची मेक्सिकोकडची मिरची पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आली, आणि डुक्कर स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात मेक्सिकोत गेलं. एवढ्या देवघेवीनंतर साल्सात लवंगी मिरची घातली तर कुणी हरकत घेऊ नये.

उरलं तर

शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. सोडवलेलं, पण खरपूस न केलेलं मांस थोड्या आटवलेल्या रसात बुडवून उथळ डब्यात ठेवा. रात्रीत ते थिजून जेली होईल आणि मांस कोरडं पडणार नाही. तीन-चार दिवस टिकतं, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. पुन्हा गरम करायला स्लो कुकर वापरू नका, तो फार हळू तापतो. जेलीसकट मांस सरळ गरम तव्यावर टाका. आधी जेली वितळेल, मग रस आटेल, मग ते आपल्याच चरबीत तळलं जाईल. कित्येकदा दुसऱ्या दिवशीचे कार्नितास पहिल्या दिवशीपेक्षा चांगले होतात ते यामुळेच.

तिसऱ्या दिवशी टॅकोचा कंटाळा आला तर ग्वादालाहारा शहराची तोर्ता आओगादा करून पाहा. तिथे बिरोते नावाचा कडक कवचाचा पाव चिरून त्यात कार्नितास भरतात आणि तो अख्खा पाव झणझणीत टोमॅटो-मिरचीच्या पातळ सॉसमध्ये बुडवतात. आपला लादीपाव यासाठी फारच मऊ, सॉसमध्ये विरघळेल. गोव्यातला कडक उंडो किंवा बेकरीतला ब्रून घ्या, आतून थोडा भाजा, मांस भरा, आणि सॉस वरून घालून लगेच खायला बसा.

वाटीतली उरलेली चरबी गाळून बरणीत भरा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या खेपेला लार्ड विकत घ्यावा लागणार नाही, आणि तोवर बटाट्याच्या काचऱ्या तिच्यात करून बघा.